बाबांचं व्याज आणि माझी एसआयपी
आज बाबांबरोबर नाशिकच्या जीपीओत (मुख्य पोस्टात) जाऊन आलो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला खात्यात. पण सगळं करपात्र. ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५० हजारांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत. आजोबा साठीतच गेले. बाबा ऐंशी ओलांडून रोज सकाळी गोदाघाटावर फिरतात (दृष्ट न लागो). म्हणजे मलाही निवृत्तीनंतरची पंचवीस-तीस वर्षं धरायला हवीत. त्यात जुलै २०२४ पासून इक्विटी (शेअर्समध्ये पैसे गुंतवणाऱ्या) फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर १० वरून १२.५ टक्के झालाय. सगळे म्हणतात, एसआयपी (फंडातली दरमहाची ठरावीक गुंतवणूक) वाढवा. अहो, पगार वाढला की घराचा हप्ता आणि लेकीची फी आधीच रांगेत! तरी पुढच्या महिन्यापासून दोन हजार वाढवतोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.