हौदापाशी थांबलेला भाऊ

माझा मामेभाऊ गर्दच्या आहारी गेला, तेव्हा मोहल्ल्यातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने त्याला एकच धडा दिला : नशा हराम आहे. हा धडा त्याला मक्तबमध्येच, म्हणजे लहानपणीच्या कुरआन-शाळेतच, मिळाला होता आणि तो खरा असल्याबद्दल त्याला कधी शंकाही नव्हती. त्या उपदेशाने झाले एवढेच की, तो मशिदीत येईनासा झाला. एकदा मी फार आग्रह केला, तेव्हा तो नमाजआधी हातपाय धुण्याच्या, वजूच्या हौदापर्यंत आला, बाह्या वर केल्या, कोपराच्या आतल्या बाजूचे सुयांचे काळे डाग पाहिले आणि बाह्या पुन्हा खाली ओढत म्हणाला, "भाई, हे पाण्याने जायचे नाही."

व्यसनात अडकलेल्या माणसाला दीन, म्हणजे धर्म, शिकवायचा म्हणजे नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

इंडोनेशियात पश्चिम जावा प्रांतातील तासिकमलाया जिल्ह्यात सूर्यालय नावाचे पेसांत्रेन, म्हणजे निवासी मदरसा, १९०५ पासून आहे. कादिरिया-नक्शबंदिया या सूफी तरीक्याचे, म्हणजे पंथाचे, तेथील शेख अबाह अनोम (१९१५–२०११) यांनी नशेत सापडलेल्या तरुणांसाठी जी पद्धत बसवली, तिचे नाव 'इनाबा', म्हणजे अल्लाहकडे परत वळणे. तेथे राहणाऱ्यांना रात्री दोनच्या सुमारास उठवतात, तौबेची, म्हणजे पश्चात्तापाची, आंघोळ घालतात, तहज्जुदला, म्हणजे रात्रीच्या ऐच्छिक नमाजला, उभे करतात, आणि प्रत्येक फर्ज (अनिवार्य) नमाजनंतर 'ला इलाहा इल्लल्लाह'चा जिक्र, म्हणजे नामस्मरण, १६५ वेळा करायचा असतो. त्यांना रुग्ण किंवा गुन्हेगार न म्हणता 'अनाक बिना' म्हणतात. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर घडवायचे लेकरू. या एका शब्दाने माझ्या मनातली अढी निघाली. ज्याने टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड, जवळून पाहिली आहे, त्याला रात्री दोनचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. झोप नसते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, हाडे पिळवटतात, आणि नेमक्या त्याच वेळी पाय अड्ड्याकडे वळतात. त्या वेळेला शेजारी कुणीतरी जागे असणे, हीच मला या शिकवणुकीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

तरीही एक गोष्ट मी स्वीकारू शकत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय केवळ इबादतीच्या भरवशावर नशा तोडणे धोक्याचे आहे. विशेषतः वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली, तर झटके येतात, भ्रम होतो आणि जीवही जाऊ शकतो.

शिवाय खुद्द कुरआनमधील मनाई टप्प्याटप्प्याने आली आहे. सूरा अल-बकरामध्ये (२१९) दारूत काही फायदे असले तरी तिचे पाप फायद्यापेक्षा मोठे आहे, एवढेच सांगितले. पुढे अन-निसामध्ये (४३) नशेत नमाजजवळ जाऊ नका असा हुकूम आला. आणि अखेरीस अल-माइदामध्ये (९०) संपूर्ण मनाई झाली. दिवसाच्या पाच नमाजा ज्याला शुद्धीत अदा करायच्या आहेत, त्याच्यासाठी पिण्याची मोकळी वेळ आपोआप किती आक्रसते, याचा विचार केला म्हणजे मधल्या टप्प्याचे शहाणपण कळते. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी माझ्या भावाला थेट शेवटच्या आयतीसमोर उभे केले होते.

मलेशियात क्वालालंपूर येथे मलाया विद्यापीठाजवळच्या अर-रहमान मशिदीत २०१० मध्ये मेथाडोन, म्हणजे गर्दची तलफ शमवणारे औषध, देण्याचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा औषध आणि धर्मशिक्षण एकाच छताखाली आले. अनेकांना हे अजूनही खटकते, कारण त्यांच्या मते एका नशेच्या जागी दुसरी नशा बसवली जाते. मला तसे वाटत नाही. ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी घेतलेल्या औषधाने तडफड थांबते, आणि तडफड थांबल्याशिवाय कुठलीही आयत कानापलीकडे जात नाही.

माझा भाऊ सध्या सरकारी केंद्रातून जिभेखाली ठेवायची गोळी घेतो. मध्यंतरी तो दोनदा घसरला. दुसऱ्या वेळी हाफिजसाहेबांनी त्याला काही विचारले नाही, फक्त मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजनंतर मुलांच्या वर्गात बसायला सांगितले. छत्तिसाव्या वर्षी तो सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत मांडी घालून, बोट ठेवत, कायद्यातली, म्हणजे अरबी बाराखडीच्या पुस्तकातली, अक्षरे पहिल्यापासून गिरवतो आहे. गेल्या रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून मामीने त्याच्या गोळीची वेळ सहेरीला लावली होती. ती विरघळेपर्यंत बोलता येत नाही, म्हणून तो तेवढा वेळ ताटासमोर गप्प बसून राही आणि मामी समोर बसून वाट पाही.