रॉक कुठे आणि अहिराणी कुठे?

जळगावात ओळखीचं कुणी भेटलं की चहा येईपर्यंत विषय तिथेच येतो. "भाऊ, काय गिटार वाजवायचे तुम्ही! ती सोडून हे कानबाईच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग कशाला धरलं? मुंबईला जायचं होतं. रॉक कुठे आणि अहिराणी कुठे?" कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी आणि अहिराणी ही इथली बोली. तुम्ही आपुलकीने विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

१९४१ साली अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या स्टोव्हॉल नावाच्या कापसाच्या मळ्यावर अ‍ॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे लोकगीतं गोळा करणारे दोघं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन गेले. तिथल्या एका मजुराच्या खोपटात बसून त्यांनी त्याचा आवाज आणि गिटार रेकॉर्ड केली. तो मजूर म्हणजे मडी वॉटर्स, आणि त्याचं गाणं म्हणजे ब्लूज, ज्यातून पुढे रॉक निघालं. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला, पुढे इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली आणि इंग्लंडमधली पोरं त्याच्या पायी वेडी झाली. रोलिंग स्टोन्स या तिथल्या रॉक बँडने तर स्वतःचं नावच त्याच्या गाण्यावरून घेतलं. ज्या रॉकसाठी मी कॉलेजात बोटं सोलून घेतली, त्याचं मूळ असं कापसाच्या रानात आहे, आणि कुणीतरी यंत्र उचलून दारात गेलं म्हणून ते जगाच्या कानावर पडलं. आमच्याकडे चोपडा-अमळनेरच्या काळ्या रानात कापूस वेचताना बाया गातात, ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. मला हे दोन्ही कधी लांबचं वाटलंच नाही.

आणि गिटार मी सोडलेली नाही. तिने कानाला लावलेली सवय तर रोज कामी येते. गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात, एकेका सुराची जागा ठरलेली असते. पण ब्लूज वाजवणारा तेवढ्यावर भागवत नाही. तो डाव्या हाताने तार वर ढकलतो, आम्ही त्याला बेंड म्हणतो, आणि कोमल गंधार नि शुद्ध गंधार यांच्या मध्ये कुठेतरी सूर धरून ठेवतो. ती जागा कुठल्याच फ्रेटवर नाही, ती बोटाने शोधावी लागते. वर्षानुवर्षं ती शोधली की दुसऱ्याच्या गळ्यातली लगेच ओळखू येते.

पारोळा तालुक्यातल्या एका आजी त्यांच्या गावच्या बायांना घेऊन आल्या होत्या. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्रभर जी गाणी चालतात, ती त्यांना नातवंडांसाठी ठेवायची होती. स्टुडिओच्या रिवाजाप्रमाणे आजींना हेडफोन दिला, त्यात ठेक्यासाठी क्लिक, म्हणजे एकसारखी टिकटिक, सुरू केला. अर्ध्या ओळीत त्या थांबल्या. "भाऊ, हाई काढी ले." काढला. क्लिक बंद केला. बाया घरी बसतात तशा सतरंजीवर गोल बसल्या आणि मधोमध चारही बाजूंचं ऐकणारा एकच माइक ठेवला. मग आजींनी गाणं उचललं. त्यांचा गंधार थेट त्या मधल्या जागी लागला. पुढच्या कडव्यात पुन्हा तिथेच, त्याच्या पुढच्यातही. मागच्या बायाही त्यांच्या पाठोपाठ तिथेच पोचत होत्या. ठेका मात्र हळूहळू चढत गेला, जागरणात चढतो तसा.

हे सगळं 'सुधारता' आलं असतं. १९९७ मध्ये अँडी हिल्डेब्रँडने ऑटोट्यून बाजारात आणलं. हा माणूस आधी ध्वनिलहरींच्या गणितावरून जमिनीखालचं तेल शोधण्याच्या धंद्यात होता. त्याचं सॉफ्टवेअर गळ्यातला सूर ओळखतं आणि जवळच्या ठरलेल्या सुरावर नेऊन बसवतं. लग्नातल्या नाचाच्या गाण्याला ते शोभतं, तिथे मीही लावतो. आजींच्या आवाजावर लावलं असतं, तर तो गंधार एक तर कोमल झाला असता नाहीतर शुद्ध, आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली जागा एका क्लिकमध्ये गेली असती. अशा आवाजाला बेसूर म्हणणाऱ्याशी मी भांडतो.

माइक कुठे ठेवायचा, हे शिकायलाही मला रॉकच उपयोगी पडलं. जिमी पेज हा लेड झेपलिन या इंग्लंडच्या रॉक बँडचा गिटारिस्ट आणि प्रोड्यूसरही, म्हणजे रेकॉर्डिंग घडवून आणणारा. त्याआधी तो लंडनच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवून पोट भरायचा, आणि माइकच्या जागा बघून ठेवायचा. पुढे हेडली ग्रेंज या जुन्या घरात त्यांच्या चौथ्या अल्बमचं काम चाललं होतं. तेव्हा एका गाण्यासाठी जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या पायथ्याशी मांडले आणि दोन माइक वर जिन्यात टांगले. मी ढोलासाठी धुळ्यातल्या एका जुन्या वाड्यात हेच केलं. ढोल चौकात, माइक माडीच्या कठड्याला. आधी दणका येतो, मग दगडी भिंतींवरून फिरून आलेली त्याची शेपटी. कीबोर्डचं बटण दाबून हा आवाज मिळत नाही.

उन्हाळ्याचंही सांगतो, कारण माझ्यासारखा प्रोड्यूसर दिवसभर नेमकं काय करतो तेही तुम्ही विचारता. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि टेक, म्हणजे गाण्याचं एकेक रेकॉर्डिंग, सुरू असताना कूलर, पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर घरघर माइकमध्ये येते. कोंडलेल्या खोलीत गिटारच्या तारा तापून सैल पडतात, सूर उतरतो. ढोलकीचं चामडं कोरड्या हवेत ताणलं जातं, तिचा सूर चढतो. गाणं संपेपर्यंत दोघं एकमेकांपासून लांब गेलेले असतात. गायकाला वाटतं आपणच चुकलो, आणि त्याचा धीर सुटतो. तेव्हा त्याला पाणी द्यायचं, वाद्यं लावून घ्यायची, चूक त्याची नाही हे सांगायचं आणि पुन्हा गाऊन घ्यायचं. माझा निम्मा दिवस यात जातो आणि मला तो आवडतो.

राहिला पैसा. यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना मोठा प्रेक्षक आहे, त्यामुळे "गाणं चाललं तर अर्धा वाटा तुमचा" असं पुष्कळजण सुचवतात. मी घेत नाही. स्टीव्ह अल्बिनी नावाचा गिटारिस्ट होता, शिकागोत स्वतःचा स्टुडिओ चालवायचा. निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा १९९३ चा अल्बम त्याने रेकॉर्ड केला. त्याआधी त्याने बँडला पत्र लिहून कळवलं की प्लंबरला देतात तशी कामाची मजुरी द्या, रॉयल्टी नको. गाणं बँडचं, कमाई बँडची. २०२४ च्या मे महिन्यात तो गेला, अवघ्या ६१ व्या वर्षी. त्याचा हा नियम मला पटला. गायक शेतकरी असो की रिक्षा चालवणारा, माझी एका गाण्याची मजुरी आधी ठरते आणि पुढचं सगळं त्याचं. आजींच्या गावच्या बायांनी बचत गटातून पैसे जमवून आणले होते. त्यांना पावती दिली आणि न वापरलेल्या टेकसकट सगळं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून दिलं.

निघताना आजी म्हणाल्या की आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी त्यांच्या धाकट्या बहिणीला जास्त येतात. तिचं गाव तापीच्या पलीकडे आहे आणि तिला आता प्रवास झेपत नाही. तेव्हा रेकॉर्डर घेऊन मीच जाणार आहे. अशा गाणाऱ्या बाया सत्तरीच्या पुढे गेल्यात, आणि गावं अजून कितीतरी बाकी आहेत. मुंबईला कशाला जाऊ?