पहाटेची बाटली

शुक्रवार, वसुबारस. रात्रीचे साडेदहा.

खाली आई शंकरपाळे तळतेय आणि मी वर खोलीत बसून हात हुंगतेय. तीनदा साबण लावला, लिंबू चोळलं, तरी तळ्याचा वास काही जात नाही. आई म्हणाली, "दिवाळीत तरी चिखलातून बाहेर ये." तिला काय सांगू, तलावांच्या पाण्याचा प्रोजेक्ट जानेवारीत द्यायचाय आणि आज पहाटे त्यातलं निम्मं उलटंपालटं झालं.

मागच्या आठवड्यात मी नि पूर्वा शहराबाहेरच्या या तळ्यावर पहिल्यांदा गेलो. (गावाचं नाव इथे लिहीत नाही, तिथल्या लोकांची मासोळी त्यावर चालते.) पोचायला अडीच वाजले. ऊन असं की ट्रे हाताला भाजत होता. पाणी हिरवंगार, पालकाच्या सुपासारखं. पाणी किती नितळ ते बघायची काळी-पांढरी सेकी तबकडी दोरीने सोडली तर कोपरभरसुद्धा आत गेली नाही, दिसेनाशी झाली. मग ऑक्सिजनची बाटली भरली. बुडबुडा राहू न देता ३०० मिलीची बाटली काठोकाठ भरायची, पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून उलटसुलट करायची. आत साका धरतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो. आमचा तर चहाच्या चोथ्यासारखा गडद झाला. लॅबमध्ये टायट्रेशन केलं, म्हणजे थेंबथेंब रसायन सोडून ऑक्सिजन मोजला. निळा रंग उडायला थायोसल्फेट लागलं ११.२ मिली. आमच्या हिशेबात १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. एवढ्या गरम पाण्यात हवेतून साडेसात-आठच्या वर ऑक्सिजन विरघळत नाही. आम्ही खूश! तळं एकदम ठणठणीत, असं पूर्वाने वहीत लिहूनही टाकलं.

खरं तर त्याच दिवशी जाळीने वेगळं सांगितलं होतं. काठच्या गवतात जाळी फिरवून ट्रेमध्ये ओतली तर काय निघालं? कायरोनोमिडच्या (डासासारखी दिसणारी माशी) लालभडक अळ्या, गोगलगायी आणि पाणढेकूण. मेफ्लाय या नाजूक कीटकाचं एकही पिल्लू नाही. मेफ्लायच्या पिल्लाला पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले असतात, त्याला पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो. त्या लाल अळ्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, थोड्याशा ऑक्सिजनवर त्यांचं भागतं. हे सगळं परीक्षेत दहा मार्कांना लिहिलंय मी. पण समोर ११.२ हा आकडा होता ना!

आणि बाजूलाच डोंग्यातून जाळं गोळा करणारे काका म्हणाले होते, "पोरी, दुपारी पाणी पाहून काय फायदा? पहाटं ये. मासोळी वर येऊन तोंड मारते." काऊन, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जीव कोंदते तिचा." मी मान डोलावली आणि विसरले. मॅडमना सहज सांगितलं, तर त्यांनी वही मिटली नि एवढंच म्हणाल्या, "मग पहाटे जा."

म्हणून आज चारला उठून गाडी काढली. अंबाझरीवरून गेलो. हा तलाव १८७० चा, नाग नदीवरचा. माझ्यासाठी तो लहानपणापासून फिरायला जायची जागा होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तो भरून वाहिला आणि काठची वस्ती पाण्यात गेली, तेव्हा आमच्या मावशीच्या घरात कंबरभर पाणी होतं. ही नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांतून येते हे मला त्यानंतर कळलं. नागपूरची असून! प्रोजेक्टला पाण्याचा विषय घेतला तो त्यामुळे, फॉर्मवर कारण मात्र भारदस्त लिहिलंय.

तळ्यावर पावणेसहाला पोचलो. तांबडं फुटत होतं. काका म्हणाले तेच, पाण्यावर सगळीकडे तोंडं. पुक्‌ पुक्‌ असा बारीक आवाज. बाटली भरली, दोन्ही रसायनं सोडली, हलवली आणि टॉर्च धरला. साका जवळजवळ पांढरा. ताकाला हळदीचं बोट लागावं इतकीच पिवळट झाक. मला वाटलं अल्कली आयोडाइड खराब झालं. दुसरी बाटली भरली. तीच गत. लॅबमध्ये १.४.

हिरवं पाणी दिवसा उन्हात ऑक्सिजन बनवतं, पार उतू जाईस्तोवर. रात्री तेच शेवाळ सगळ्यांसोबत श्वास घेत बसतं आणि पहाटेपर्यंत डबा रिकामा. आम्ही भरल्या डब्याचा फोटो काढून आलो होतो.

आज ट्रेमध्ये एक पाणढेकूण आला, नर. पाठीवर अंडी गच्च चिकटवलेली, डाळिंबाचे दाणे उभे लावावे तशी. मोजली, ६३. मादी अंडी त्याच्या पाठीवर घालते आणि निघून जाते, बाकीचं सगळं हा बघतो. ट्रेच्या बोटभर पाण्यातही तो जोर काढल्यासारखा वर-खाली होत होता, अंड्यांवरून पाणी खेळावं म्हणून. स्वतः श्वास घ्यायला शेपटीकडचं टोक पृष्ठभागाला लावायचं. त्याला तळ्यातल्या ऑक्सिजनशी देणंघेणं नाही. पूर्वा त्याला अल्कोहोलच्या बाटलीत टाकणार होती, नमुना म्हणून. मी फोटो काढून सोडून दिला. ती अजून फुगलीय.

आता खरी पंचाईत. आमच्या छापील तक्त्यात तारीख आहे, ठिकाण आहे, तापमान आहे, वेळेचा रकानाच नाही. चार तलाव, नऊ बाटल्या झाल्यात आधीच्या. पट्टी घेऊन सगळ्या पानांवर रकाना आखला आणि फोनमधले फोटो उघडून वेळा शोधत बसले. सात सापडल्या. उरलेल्या दोघींच्या दिवशी तळ्याचा एकही फोटो नाही. तर्री पोह्याच्या प्लेटचा मात्र आहे, ९.४० चा. म्हणजे त्यानंतर केव्हातरी. पूर्वाला विचारावं लागेल, पण ती फोन उचलत नाहीये.