दुमडलेल्या पानातला न्यूट : यंदाच्या नोंदी

१९ एप्रिल
इंग्लंडमधल्या रेडिंगला आमच्या परसातल्या तळ्यात स्मूथ न्यूटच्या माद्या परवापासून अंडी घालताहेत. न्यूट म्हणजे दिसायला पालीसारखा, शेपटीवाला उभयचर. बेडकासारखा अंड्यांचा पुंजका इथे नसतो. मादी मागच्या पायांनी पाणवनस्पतीचं पान धरते, दुमडते आणि घडीत एकच अंडं चिकटवून ठेवते, विडा बांधावा तसं. हंगामात अशी दोन-तीनशे अंडी घालते आणि दर अंड्याला हीच मेहनत घेते. मी दुमडलेली सहा पानं देठासकट कापून आईस्क्रीमच्या डब्यात ठेवली. पाणी पावसाच्या पिंपातलं; नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.

इंग्लंडमध्ये कोणी हे करणार असेल तर आधी अंड्याचा रंग नीट पाहा. स्मूथ न्यूटचं अंडं करडं-तपकिरी असतं. फिकट पिवळसर आणि आकाराने मोठं दिसलं तर ते ग्रेट क्रेस्टेड न्यूटचं. त्या जातीला कायद्याचं कडक संरक्षण आहे, परवान्याशिवाय हात लावायचा नाही.

२० एप्रिल
दोनच पानं उघडली, बाकीची मिटलेली राहू दिली. भिजलेल्या सब्जासारखं पारदर्शक आवरण आणि आत मोहरीएवढा गोळा. गोळ्याची वरची बाजू गडद, खालची बलकाने जड आणि फिकट. दहापट भिंगातून पेशींच्या रेघा दिसतात. आज सकाळी मोठे तुकडे मोजता येत होते, रात्री मोजणं अशक्य झालं. गोळा मात्र तेवढाच आहे. आहे त्याच्याच वाटण्या चालल्यात.

२२ एप्रिल
पाण्याचं तापमान १६ अंश. फिकट बाजूच्या कडेला चंद्रकोरीसारखी एक बारीक खाच उमटली. वरच्या पेशी या खाचेतून आत सरकतात आणि एकेरी गोळ्याचे थर होऊ लागतात.

या खाचेच्या वरच्या ओठाचं, म्हणजे वरच्या काठाचं, महत्त्व जगाला कळलं ते न्यूटमुळेच. जर्मनीत फ्रायबुर्गला भ्रूणशास्त्रज्ञ हान्स स्पेमान यांच्या प्रयोगशाळेत हिल्डे मांगोल्ड यांनी क्रेस्टेड न्यूटच्या फिकट भ्रूणातला हा ओठ कापून माझ्या डब्यातल्या याच जातीच्या, म्हणजे स्मूथ न्यूटच्या, रंगीत भ्रूणाच्या दुसऱ्या बाजूला बसवला. तिथे दुसरा पाठकणा, दुसरी मज्जारज्जू उभी राहू लागली. रंगावरून कोणाच्या पेशी कुठे गेल्या ते ओळखता येत होतं, आणि ती नवी मज्जारज्जू बहुतांशी यजमानाच्याच, म्हणजे ज्यात तुकडा बसवला त्या भ्रूणाच्याच, पेशींची निघाली. म्हणजे त्या चिमूटभर तुकड्याने शेजारच्यांना कामाला लावलं होतं. निबंध १९२४ साली छापला गेला. त्याच वर्षी हिल्डे भाजून वारल्या, वय अवघं २५. स्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळालं. या खाचेकडे पाहताना मला दर वर्षी हिल्डे यांची आठवण होते.

२४ एप्रिल
मला सर्वांत आवडणारा दिवस. पाठीवर एक सपाट पट्टी तयार झाली आणि तिच्या दोन्ही कडा उचलल्या गेल्या. दुपारी चारला मधे रुंद चर होता. रात्री साडेअकराला कडा एकमेकींना टेकत आल्या, करंजीची कड जुळवावी तशा. पुढचं टोक रुंद आहे, तिथे मेंदू होणार. मी तासातासाला उठून पाहिलं. सकाळी फक्त एक शिवण उरली होती.

२७ एप्रिल
गोळ्याचा आता वाल झाला आहे. डोक्याच्या बाजूंना डोळ्यांचे फुगवटे, मागे शेपटीचा कोंब. उघडलेल्या दोनांपैकी एक अंडं पांढरं पडून त्यावर बुरशीचे तंतू आले. लगेच काढलं, नाहीतर शेजारच्यांना लागते. स्मूथ न्यूटमध्ये अशी मर कमी असते. क्रेस्टेड न्यूटचे मात्र निम्मे भ्रूण याच टप्प्यावर मरतात, कारण त्यांच्या पहिल्या गुणसूत्राच्या जोडीत दोन वेगळ्या प्रती असाव्या लागतात. दोन्ही सारख्या आल्या की पिल्लू जगत नाही. तिथे मेलेली अंडी पाहून पाण्याला दोष देऊ नका.

२ मे
हृदय चालू आहे! गळ्याखाली लय दिसते. कल्ल्यांचे कोंब फुटले, अंगावर काळे ठिपके आले. आवरणात तो अचानक कूस बदलतो.

६ मे
सतराव्या दिवशी पहिला बाहेर आला. लांबी जेमतेम ७ मिलिमीटर. गालांच्या खाली दोन बारीक काड्या असतात, त्यांच्या आधाराने तो पानाला टेकून राहतो. पुढचे पाय आले की त्या गळून जातात. बेडकाच्या पिल्लाला मागचे पाय आधी दिसतात, याला पुढचे. कल्ले बाहेर पिसांसारखे. पोटात बलक आहे तोवर खाणं देऊ नका, पाणी नासतं.

१० मे
पाचही बाहेर आले. आज तळ्यातल्या पाण्यातून गाळलेले सर्वांत बारीक डाफ्निया (पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव) सोडले. पहिला बराच वेळ हललाच नाही. मग एक डाफ्निया तोंडासमोरून गेला आणि त्याने झडप घातली. पोटात तो लालसर ठिपका अजून दिसतो आहे. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना त्याच तळ्यात सोडेन.