नोंदवहीतील दोन ओळी

एप्रिल उजाडला की प्राथमिक शाळेत प्रगतिपत्रके भरण्याची धांदल सुरू होते. गुणांची बेरीज करून श्रेणी लिहिणे सोपे असते. हात अडखळतो तो ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यांपाशी. बीड जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी-चौथीला एकत्र शिकवते आणि अनेक वर्षे मीही हे रकाने नमुना नोंदींच्या पुस्तिकेतून भरत आले. ‘परिपाठात सहभाग घेतो’, ‘वर्गात शांत बसते’, ‘हस्ताक्षर सुधारणे आवश्यक’ अशी वाक्ये तेथे तयार असतात, आणि ती कोणत्याही मुलाच्या नावापुढे चालतात. कोणाही मुलाला चालणारे वाक्य त्या एका मुलाविषयी काहीच सांगत नाही, हे कळायला मला फार उशीर लागला, याची खंत आजही वाटते.

राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय 20 ऑगस्ट 2010 रोजी निघाला. त्यानुसार पहिली-दुसरीला 100 पैकी 70 आणि तिसरी-चौथीला 60 गुण आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्षभर चालता-बोलता पाहून करायच्या मूल्यमापनाला मिळाले. त्यासाठी जी आठ साधने सांगितली गेली, त्यांत पहिलेच नाव ‘दैनंदिन निरीक्षण’ असे आहे. मूल समजून घ्यायचे असेल तर आधी त्याच्याकडे रोज पाहा, इतका साधा अर्थ त्यात होता. आम्ही मात्र त्याची वर्षअखेरीस भरायची वही करून टाकली.

माझ्या वर्गातील एका मुलीच्या ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात मी तिसरीच्या दोन्ही सत्रांना ‘स्वाध्याय वेळेवर पूर्ण करत नाही’ असे लिहिले होते. ती चौथीत गेली, त्या वर्षी मी रोज दोनच मुलांकडे नीट लक्ष द्यायचे आणि शाळा सुटल्यावर प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहायच्या, असे ठरवले. वर्गात 27 मुले असल्याने साधारण अडीच आठवड्यांत एक फेरी पूर्ण होत असे. दिवाळीनंतर तिचे आईवडील नेहमीप्रमाणे टोळीबरोबर ऊसतोडीला गेले आणि ती धाकट्या भावासह आजीजवळ राहिली. डिसेंबरातील तिच्या दिवशी माझ्या लक्षात आले की, खिचडी वाढण्यापूर्वी पहिलीच्या मुलांचे हात तीच धुऊन घेते, ताटे मोजते आणि एखादे मूल रांगेत दिसले नाही तर त्याला शोधून आणते. जेवण झाल्यावर ओट्यावर खडूने अक्षरे काढून त्यांच्याकडून ती गिरवूनही घेते. मग मी आजींना भेटले. संध्याकाळी पाणी भरणे, भावाला जेवू घालून झोपवणे आणि आजींच्या औषधाची वेळ सांभाळणे ही सगळी कामे या नऊ वर्षांच्या मुलीकडे होती. स्वाध्यायाची वही उघडायला तिला वेळच उरत नव्हता, आणि मी वर्षभर तो तिचा दोष म्हणून लिहीत होते.

त्यानंतर मी दोनच गोष्टी बदलल्या. स्वाध्याय शाळेतच, शेवटच्या अर्ध्या तासात करून घेऊ लागले. त्याचा फायदा ज्यांच्या घरी अभ्यासाला जागा किंवा उजेड नाही अशा इतर मुलांनाही झाला. शिवाय ज्यांचे पालक तोडीवर आहेत त्या मुलांना आठवड्यातून एकदा, फडात दुपारची विश्रांती असते त्या वेळी, माझ्या फोनवरून आईवडिलांशी बोलायला देऊ लागले. हंगामी वसतिगृहामुळे अनेक गावांत मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय होते आणि ती फार मोलाची आहे. पण आईचा आवाज ऐकल्यावर त्या दिवशी मुले वेगळीच असतात, हे मी दर आठवड्याला पाहते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये, मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त करणे आणि त्याला आपले म्हणणे मोकळेपणाने मांडता यावे यासाठी मदत करणे, हा अभ्यासक्रमाचा व मूल्यमापनाचाच भाग मानला आहे. कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. छडी आमच्या शाळेतून केव्हाच गेली. परंतु ‘आळशी आहे’, ‘लक्ष देत नाही’ असे शब्द प्रगतिपत्रकातून घरी जातात, तेव्हा मुलाला काय वाटते, याचा विचार आम्ही क्वचितच करतो. आनंददायी शनिवारसारखे उपक्रम मला मनापासून आवडतात. तरीही मुलाचे क्षेम आठवड्यातील एका वाराच्या तासिकेत मावेल, असे मला वाटत नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार येणाऱ्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाला स्वतःबद्दल सांगायलाही जागा आहे, याचा मला फार आनंद होतो. त्याची सुरुवात म्हणून मी चौथीच्या त्या वर्षापासून प्रत्येक नोंद अंतिम करण्यापूर्वी त्या मुलाला शेजारी बसवून वाचून दाखवते. त्या मुलीच्या ‘विशेष प्रगती’पुढे मी ‘पहिलीच्या मुलांना प्रेमाने सांभाळते’ असे लिहिले होते. तिने ते लक्षपूर्वक ऐकले आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “बाई, सांभाळीत नाही, शिकविते मी.” मी ‘सांभाळते’ हा शब्द खोडला आणि तिच्यासमोरच ‘शिकवते’ असे लिहिले.