हेडरचं पॅकिंग पुन्हा पुन्हा काऊन उडत होतं

सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टक टक टक टक, अन् वरूडमधून निघून मोर्शीच्या रस्त्याला लागलो की आवाज हळूहळू गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. पावणेदोन वर्षं हे चाललं. तेवढ्यात हेडरची, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जुडग्याची, चार पॅकिंगं गेली, एक स्टड, म्हणजे हेडर आवळायचा आट्यांचा दांडा, इंजिनच्या हेडमधले आटे घेऊन बाहेर आला, अन् शेवटी जी खोट सापडली ती पॅकिंगमध्ये नव्हतीच. म्हणून सगळं लिहून ठेवतो, कारण जुनी गाडी जिवापाड जपणारे आपल्याकडे गावोगावी आहेत अन् सगळ्यांना एकच उत्तर मिळते, पॅकिंग बदला.

गाडी २००१ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवरवाली. संत्र्याच्या एका चांगल्या बहाराच्या पैशातून घेतली होती. आता पंचवीस वर्षांची होत आली पण वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलते तेव्हा इंजिनचा आवाज असा बदलतो की अंगावर काटा येतो, आजही. मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे कंपनीचा हेडरच, तडकला होता, दोनदा वेल्डिंग केलं तरी बाजूलाच परत तडा, मग नागपूरच्या एका दुकानातून स्टेनलेसचा फोर-टू-वन, म्हणजे चार पाइपांचा शेवटी एक होणारा, हेडर बनवून घेतला. दोन महिने मजा आली. मग टक टक सुरू.

पहिले वाटलं टॅपेट असतील. सेट करून घेतले, फरक शून्य. मग एका सकाळी थंड इंजिनवर हेडरचं झाकण काढून पाहिलं तर गिअरबॉक्सच्या बाजूच्या चार नंबर पोर्टजवळ, म्हणजे चौथ्या सिलिंडरचा धूर निघतो त्या भोकाजवळ, काळी काजळी, पिचकारी मारल्यासारखी. टॅपेटचा आवाज इंजिन गरम झाल्यावर असा पूर्ण जात नाही, पॅकिंगचा जातो, कारण धातू तापून फुगला की ती बारीक फट बंद होते. म्हणून गॅरेजात गाडी तपासायला न्यायची तर रात्रभर तिथंच उभी ठेवा अन् सकाळी मिस्त्रीसमोर चालू करा, गरम गाडीत त्याला काही ऐकूच येणार नाही अन् तो म्हणेल तुम्हाला भास होतो.

शंका असेल तर एक सोपा उपाय आहे. कॉम्प्युटर साफ करायचा छोटा ब्लोअर असतो ना, तो सायलेन्सरच्या तोंडात लावायचा, भोवती ओला कपडा गुंडाळायचा, अन् इंजिन बंद अन् पूर्ण थंड असताना पोर्टच्या आजूबाजूला साबणाचं पाणी फवारायचं. जिथं फट तिथं बुडबुडे. माझ्याकडे चार नंबरला फेसच आला, एक नंबरलाही थोडा होता.

पहिलं पॅकिंग बदललं, ते दोन महिने टिकलं. दुसऱ्या वेळी मिस्त्रीने लाल सिलिकॉन लावलं, अन् मीही लावू दिलं. ते सिलिकॉन तीनशे-साडेतीनशे डिग्रीपर्यंत सहन करते, अन् दाबून चालवली की पोर्टमधून निघणारा धूर त्याच्या दुपटीच्या वर जातो. जळून भुगा झाला अन् निघालेल्या जागेतून गळती अजून मोठी. तिसऱ्या वेळी एकावर एक दोन पॅकिंगं टाकली, ती तर तीन आठवड्यांत. चौथ्या वेळी पान्याला पाइप लावून जोर दिला, अन् ॲल्युमिनियमच्या हेडमधून स्टडच बाहेर. त्या दिवशी मी गॅरेजच्या दारात खाली बसलो, खरंच रडायला आलं होतं, कारण हेड खराब झालं तर या गाडीला हेड आणायचं कुठून. नशिबाने हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसलं.

अन् हे फक्त आवाजाचं नाही. धूर धक्क्याधक्क्यानं बाहेर जातो, दोन धक्क्यांच्या मधे पाइपात क्षणभर दाब कमी होतो, त्या वेळी फटीतून बाहेरची हवा आत ओढल्या जाते. पुढे बसलेला ऑक्सिजन सेन्सर ती हवा पाहतो अन् समजतो की पेट्रोल कमी पडून राहिलं, मग कॉम्प्युटर पेट्रोल वाढवते. माझं ॲव्हरेज १४ वरून ११ वर आलं होतं अन् मी पंपावाल्यावर संशय घेत होतो, त्याची मनातल्या मनात माफी मागितली. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. या इंजिनचा हेडर पुढच्या बाजूला आहे, गळलेला धूर बॉनेटखाली साचतो अन् एसीची हवा बाहेरून घेणारी खिटी उघडी असली तर तो काचेखालच्या जाळीतून आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आईला अमरावतीला दवाखान्यात नेताना तिचं डोकं दुखायचं, आम्ही म्हणायचो ऊन लागलं. ही गोष्ट लक्षात आली त्या दिवशीपासून पूर्ण दुरुस्ती होईपर्यंत मी तिला त्या गाडीत बसवलं नाही.

मे महिना होता. मृग बहारासाठी झाडं ताणावर सोडली होती, पाणी द्यायचं नव्हतं, त्यामुळे हाताला वेळ होता. बाहेर ४५ डिग्री, म्हणून पहाटे पाच ते नऊ काम करायचो. हेडर काढला अन् या वेळी पॅकिंग आणायला गेलोच नाही, अगोदर पाहत बसलो.

घरात जुन्या टेबलाची जाड काच होती, तिच्यावर फ्लँज, म्हणजे हेडरची हेडवर आवळायची सपाट बाजू, पालथा ठेवला अन् खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची बारीक पत्ती, सरकवला. मधे ०.१ मिलिमीटर, पण चार नंबरच्या टोकाला ०.६ ची पत्ती आरामात आत. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज केळ्यासारखा वाकला होता अन् मी नट कसून त्याला सरळ करू पाहत होतो, तो तापला की परत आपल्या आकारात जायचा. हेडवरही स्ट्रेट एज, म्हणजे एकदम सरळ पट्टी, लावली, तिथं ०.०५ ची पत्तीही जात नव्हती, देवाची कृपा.

मग हिशेब केला. एक मीटर ३०४ स्टेनलेस शंभर डिग्रीने तापलं तर साधारण १.७ मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियम २.३, बीड १.१ च्या आसपास. फ्लँज ४० सेंटीमीटरचा, तो अडीचशे डिग्रीने तापला धरा तर १.७ मिलिमीटर लांब होईल. हेडला मात्र पाणी थंड ठेवते, ते ऐंशी डिग्रीनेच तापते, वाढ ०.७. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापली की फ्लँज हेडवर एक मिलिमीटर घासतो, थंड झाली की परत. बिडाच्या जुन्या मॅनिफोल्डमध्ये हाच फरक ०.४ च येतो. एवढी घासाघीस रोज होत असेल तर बिचारं पॅकिंग काय करणार.

एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या म्हटलं, "हे त घासून सरळ होईन, पण याले चालायले जागा नाई ठेवली ना बाप्पा." त्यांनी फ्लँज जाड प्लेटवर बोल्टने आवळला, पोर्टांच्या मधली पट्टी आरीने कापली म्हणजे प्रत्येक पोर्ट स्वतंत्र हलू शकते, मग मिलिंग करून तोंड सपाट केलं. आधी कापायचं अन् मग सपाट करायचं, उलटं केलं तर कापल्यावर ताण सुटून परत वाकते. मधली भोकं तशीच ठेवली, टोकाकडची भोकं आडवी दीड मिलिमीटर लांब केली. पट्टी कापणं सगळ्यांना पटत नाही, हे मला माहीत आहे, पण वेल्डिंगने आधीच वाकलेल्या फ्लँजला मला तरी हेच बरोबर वाटलं.

एवढ्याने काम झालं असतं तर बरं होतं, पण खरी गोष्ट काकांनीच विचारली. "इंजिन हालते काऊन, पाह्यलं का?"

घरी येऊन पाहिलं. हँडब्रेक ओढला, भावाला पायाने ब्रेक दाबून पहिल्या गिअरात क्लच थोडासा सोडायला सांगितला अन् मी बाजूला उभा राहून पाहिलं, समोर नाही, बाजूला, समोर कधीच उभं राहू नका. इंजिन दोन बोटं मागे-पुढे हललं. पुढच्या फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या आधाराचं, रबर आतून पार फाटलं होतं, वरून दिसत नव्हतं. अन् खाली पाहतो तर हेडर बनवणाऱ्याने मूळ मॅनिफोल्डला असलेला आधाराचा ब्रॅकेट दिलाच नव्हता, बेलोज, म्हणजे पाइपातला जाळीचा लवचिक तुकडा, तोही नाही, हेडरपासून सायलेन्सरपर्यंत पाइप एकदम ताठ. म्हणजे प्रत्येक गिअर बदलताना इंजिन डुलते, पाइप तिथंच राहते, अन् त्या सगळ्या लांबीचा हिसका येऊन बसते फ्लँजच्या टोकावर. त्यात आमच्या पांदणीच्या रस्त्यावर काळ्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या, मधल्या उंचवट्याला हेडरचा खालचा भाग महिन्यातून दोनदा तरी टेकायचाच. चार पॅकिंगं उडण्याचं कारण हे होतं.

दोन्ही फाउंडेशन नवी टाकली. हेडर जिथं एक पाइप होतो तिथून इंजिनच्या ब्लॉकला ब्रॅकेट बसवला, अन् त्याच्या पुढे बेलोज. ब्रॅकेट बेलोजच्या अलीकडेच पाहिजे, कारण बेलोजने वजन उचलायचं नसते, त्याने फक्त हालचाल गिळायची, वजन टाकलं तर महिन्याभरात जाळी फाटते.

बसवताना हेडचं तोंड लाकडाच्या पट्टीने अन् थिनरने साफ केलं, ग्राइंडरची चकती ॲल्युमिनियमला लावू देऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. पॅकिंग लोखंडी थरांचं अस्सल, कोरडंच, सिलिकॉन नाही. स्टड नवे, नट नवे, ते सेल्फ लॉकिंग असतात अन् एकदा काढले की पकड जाते. मिस्त्री म्हणे "हाताले समजते, टॉर्क पाना कायले पायजे", पण नट किती जोराने कसला ते मोजणारा तो पाना मी नागपूरहून आणलाच होता. मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, १०, मग २०, मग ३१ न्यूटन मीटर. तासभर गाडी चालवली, रात्रभर थंड होऊ दिली, सकाळी परत पाना लावला तर दोन नट किंचित फिरले. गरम असताना कसू नये, तेव्हा खोटा ताण लागतो.

तेव्हापासून सहा हजार किलोमीटर झाले. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे चांगला गारठा असतो, तेव्हा मी मुद्दाम रोज लवकर उठून गाडी चालू करायचो अन् बॉनेट उघडून कान लावून उभा राहायचो. आवाज नाही. ॲव्हरेज परत १४. आई परवा त्याच गाडीत अमरावतीला जाऊन आली, येताना तिवस्याला उसाचा रस प्यायलो. मिस्त्री टॉर्क पाना मागून घेऊन गेला, अजून त्याच्याकडेच आहे.

मागच्या सायलेन्सरचं एक लटकवायचं रबर ताणलं आहे, ते बदलायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात अमरावतीला जाणं आहे, तेव्हा आणतो.