विसाचा आकडा

भागीदारी मोडलेल्या दोघांचं प्रकरण मध्यस्थीसाठी माझ्याकडे आलं होतं. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. यंत्रं विकून, वह्यांत दिसणारी देणी भागवून जे उरलं त्याचे १०० भाग धरले, तर थोरले भागीदार धाकट्याला २० द्यायला तयार होते. धाकट्याचं म्हणणं एकच: "वीस घेण्यापेक्षा कोर्टात सगळं संपलं तरी चालेल."

ही नुसती धमकी नव्हती. कोर्टाचा खर्च आणि जाणारी वर्षं त्याच्याच वकिलाने कागदावर मांडून दाखवली होती. हाती फार तर दहा-बारा उरले असते. त्याने आकडा पाहिला, कागदाची घडी घातली आणि टेबलावरून परत सरकवला.

हिशेबी माणूस याला मूर्खपणा म्हणेल. मी म्हणत नाही. १९८२ साली जर्मनीत व्हर्नर ग्यूट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाने रक्कम वाटायची, दुसऱ्याने हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर दोघांनाही भोपळा. निव्वळ स्वार्थ पाहिला तर मिळेल ते घेणंच शहाणपणाचं. पण नंतर अनेक देशांत हा खेळ झाला तेव्हा देणारे साधारण ४० ते ५० टक्के देऊ करताना दिसले, आणि २० टक्क्यांखालचा वाटा घेणाऱ्यांनी बऱ्याचदा झिडकारला.

माझ्या कामाला मात्र याच खेळाचा नंतरचा एक अवतार जास्त उपयोगी पडतो. फाल्क, फेर आणि फिशबाखर यांच्या २००३ साली छापून आलेल्या प्रयोगात देणाऱ्यापुढे दोनच पर्याय असत. एक कायम: मला आठ, तुला दोन. दुसरा बदलता. पाच-पाच करण्याची सोय असूनही त्याने आठ-दोन केलं, तर सुमारे ४४ टक्के लोकांनी ते धुडकावलं. दुसरा पर्याय दहा-शून्य असताना तेच आठ-दोन नाकारणारे जेमतेम ९ टक्के. पदरात पडणार होते ते दोनच. समोरच्याला याहून बरं वागता आलं असतं का, एवढाच फरक होता.

म्हणून स्वतंत्र बैठकीत थोरल्यांना मी रक्कम वाढवा असं म्हटलंच नाही. विचारलं, "वीसच का? पंचवीस का नाही?" त्यांचे वकील घाईने म्हणाले, भांडवल यांचं होतं. ते मी आधीच ऐकलं होतं, त्यामुळे थोरल्यांकडेच बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी पिशवीतून बँकेचं एक पत्र काढलं. धंदा बसायला लागला तेव्हा कामगारांचे थकलेले पगार द्यायला त्यांनी स्वतःच्या नावावर कर्ज काढलं होतं. त्यांच्या ८० मधले ६० हून जास्त तिकडे जाणार होते. वकिलांनाही हे नवीन होतं.

"धंदा वाढवायचा हट्ट माझा होता. मग कुणापुढे हात पसरले ते कशाला सांगायचं?"

स्वतंत्र बैठकीतली गोष्ट परवानगीशिवाय दुसऱ्या बाजूला सांगता येत नाही. ती परवानगी काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

धाकट्याने पत्र दोनदा वाचलं. "दादा, मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? नोटीसच पाठवलीस."

धाकट्याच्या वकिलाने लगेच कर्जखात्याचा उतारा मागितला. थोरल्यांना ते लागलं, पण मागणी रास्त होती. स्वतःच्या अडचणी सांगून समोरच्याला कमी पैशांत गुंडाळणारे माझ्या टेबलावर कमी येत नाहीत. उतारा आला, तारखा पगाराच्या नोंदींशी जुळल्या.

आकडा २० वरच राहिला. धाकट्याने एक कलम तेवढं वाढवून घेतलं: हे कर्ज भागीदारीच्याच कामी काढलं होतं, असं करारात स्पष्ट लिहायचं. त्याच्या वकिलाने बजावलं, असं लिहिलंत तर उद्या वसुलीचं लचांड तुमच्याही मागे लागू शकतं. "लागू दे," म्हणाला. शेवटी फेडण्याची जबाबदारी थोरल्यांचीच राहील, अशी ओळ दोन्ही वकिलांनी मिळून खाली जोडली आणि मग सह्या झाल्या.